व्हीआरच्या भरवशावर मुलांना सोडावं का?

मुलीची_आई
अमेरिकेत प्रत्येक राज्याची अपंग व्यक्तींना नोकरीसाठी तयार करणारी सरकारी सेवा आहे : व्होकेशनल रिहॅबिलिटेशन, म्हणजे व्हीआर. माझं मत स्पष्ट आहे. शाळा संपत आलेल्या मुलांच्या आईवडिलांनी तिच्यावर विसंबून राहू नये.

लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं अस्पष्ट, हात सावकाश चालतात, पण हिशेबात पक्की. आमच्या टॅक्सच्या कागदांतली चूक तिनंच पकडली होती. दोन वर्षांत व्हीआरचे तीन कौन्सेलर झाले, प्रत्येकापुढे पहिल्यापासून रामायण. तिसऱ्यानं जो आराखडा समोर ठेवला त्यात ध्येय लिहिलं होतं : 'दुकानात ग्राहकांचं स्वागत'. जिचं बोलणं अनोळखी माणसाला समजत नाही, तिला दारात उभं करणार! तिनं पेन मागितलं, ती ओळ खोडली आणि वाकड्या अक्षरात वर 'अकाउंटिंग' लिहिलं. एवढं लिहायला तिला चार मिनिटं लागली. कौन्सेलरनं कागद न वाचता फाइलमध्ये सरकवला.

नोकरी 90 दिवस टिकली की केस यशस्वी म्हणून बंद करता येते. मग हाताला लागेल ते काम गळ्यात मारलं जातं. मी तिला कम्युनिटी कॉलेजात घातलंय, खर्च आम्हीच करतोय.

निळी_पट्टी
ताई, तुमचा राग रास्त आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मी आठ वर्षं जॉब कोच होतो, म्हणजे अपंग माणसाला कामाच्या जागी काम शिकवणारा.

त्या आराखड्यावर, म्हणजे आयपीईवर, तुमच्या मुलीची सही लागते. ती सज्ञान असेल आणि गार्डियन नसेल तर तिचीच. सही नाही तर आराखडा नाही. अर्ज केल्यापासून साधारण 60 दिवसांत पात्रता ठरवायची आणि पुढच्या 90 दिवसांत आयपीई तयार करायचा, असं कायदाच सांगतो. तिला एसएसआय (कमी उत्पन्नाच्या अपंगांना मिळणारी केंद्राची मासिक मदत) मिळत असेल तर पात्रता गृहीतच धरतात. कौन्सेलर ऐकत नसेल तर प्रत्येक राज्यात क्लायंट असिस्टन्स प्रोग्रॅम आहे. ते फुकट मदत करतात, अपिलातही. कॉलेजची फीसुद्धा आयपीईत बसू शकते.

एका बौद्धिक अपंग मुलाबरोबर मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत होतो. टॉवेलची चळत किती उंच करायची ते त्याला उमगेना. मी रॅकच्या खांबावर निळी पट्टी चिकटवली. सहा आठवड्यांनी तो म्हणाला, "आता काढ." पट्टी काढली, चळत तेवढीच राहिली. माझ्या त्या तासांचे पैसे व्हीआरनंच दिले होते. ही सेवाच नको म्हणताना अशी मुलंही डोळ्यांपुढे आणा.

रांगेतला_बाप
दादा, कायदा तुम्हाला तोंडपाठ आहे, कारण ते तुमचं काम होतं. रात्रपाळी करून आलेल्या बापानं तो कुठून शिकायचा? भांडता येतं त्यालाच मिळते, तिला सेवा कसं म्हणायचं?

आणि रांगेचं बोला ना. पैसे कमी पडले की राज्य 'ऑर्डर ऑफ सिलेक्शन' लावतं. सर्वांत गंभीर अपंगत्व असलेले आधी, बाकीचे यादीत. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, पण नीट बोलतो म्हणून खालच्या गटात गेला. खर्चातला 78.7 टक्के वाटा केंद्राचा, राज्यानं 21.3 टक्के घालायचे. तेवढेही घातले नाहीत तर केंद्राचा पैसा दुसऱ्या राज्यांकडे जातो. इकडे मुलं घरात बसलेली! याची मला खरंच चीड येते.

पांढरी_काठी
मी जन्मांध आहे. आमच्या राज्यात अंधांसाठी व्हीआरची वेगळी एजन्सी आहे. स्क्रीन रीडर, ब्रेल डिस्प्ले, काठी घेऊन एकट्यानं बस बदलायचं शिक्षण आणि पदवीचा मोठा खर्च, सगळं त्यांनी केलं. आज मी पगारावर टॅक्स भरते.

मुलीची_आई, तुम्ही खर्च करू शकता. माझे आईबाबा करू शकत नव्हते. ज्यांना ऐपत आहे ते बाजूला झाले तर आत तक्रार कोण करणार? 1938च्या किमान वेतनाच्या कायद्यातलं 14(सी) कलम बघा. त्याच्या आधारे अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे देता येत आले आहेत. 2014च्या कायद्यानं 24 वर्षांपर्यंतच्या मुलांना थेट अशा कमी पगाराच्या कामावर पाठवण्याला लगाम घातला : आधी व्हीआरची दारं ठोठवावी लागतात. ही सेवा ढासळली तर मुलं पुन्हा अशाच कामाच्या बंद खोलीत पॅकिंग करत बसतील.

रांगेतला_बाप
दार ठोठावूनच बसलोय ताई. उघडतं कुठे?

मुलीची_आई
सहीचं खरंच माहीत नव्हतं. लेकीनं सही केलेलीच नाही. म्हणजे तो आराखडा अजून आराखडाच नाही! क्लायंट असिस्टन्सला आज लिहितोय. ईमेल तीच टाइप करतेय, मी फक्त बाजूला बसलेय.

माझं मत मात्र मागे घेत नाही. कॉलेजचं सेमिस्टर त्यांच्या उत्तरासाठी थांबवणार नाही. निळी_पट्टी, भरलेली फी मागाहून आयपीईत धरतात का, की सहीच्या आधीचा खर्च गेला तो गेलाच?

निळी_पट्टी
आधीचा बहुतेक गेलाच समजा. म्हणून पुढच्या सेमिस्टरची फी भरण्याआधी सही होऊ द्या, आणि 'अकाउंटिंग' हा शब्द आयपीईत छापलेला बघूनच करा.