मदत हवी आहे: पाँटसचे राजे नक्की पर्शियन की ग्रीक? (आणि एवढं राज्य बुडालं कसं?)

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एकाने पंधरा मिनिटं बोलायचं असतं, जूनमध्ये माझा नंबर आहे आणि मी उत्साहाच्या भरात "पाँटसचं राज्य" (आजच्या तुर्कस्तानात काळ्या समुद्राकाठचं जुनं राज्य) असा विषय देऊन बसलोय. झालं असं की मागे तुर्कस्तानला गेलो होतो तेव्हा अमास्याला एक रात्र राहिलो. खाली नदी, काठाला चिकटून जुनी लाकडी घरं आणि त्यांच्या डोक्यावर सरळ कड्यात कोरलेल्या पाँटसच्या राजांच्या कबरी, मला तर आपली लेणीच आठवली. गाईड म्हणाला, पर्शियन राजांच्या आहेत. घरी येऊन वाचायला लागलो तर यांची नाणी ग्रीक, दरबारची भाषा ग्रीक, आणि शेवटचा मोठा राजा नाण्यावर चक्क अलेक्झांडरसारखे केस उडवत बसलाय. मग पर्शियन काय राहिलं यात?

सुरुवात मला आवडलीये. अलेक्झांडरच्या मागे त्याच्या सरदारांची मारामारी चालू होती, त्यात अँटिगोनसच्या पदरी मिथ्रिदातेस नावाचा पर्शियन खानदानातला तरुण होता. अँटिगोनसला स्वप्न पडलं की आपण सोन्याचा चुरा पेरला आणि पीक हा कापून नेतोय, झालं, याला मारायचं ठरलं आणि स्वतःच्या मुलाला, देमेत्रियसला, शपथ घातली की तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलाने शब्द काढला नाही, मित्राला बाजूला नेलं आणि भाल्याच्या बुडाने जमिनीवर लिहिलं, "पळ, मिथ्रिदातेस". तो पळाला, काळ्या समुद्राच्या दक्षिणेला डोंगरात जम बसवला आणि इसपू २८१ च्या सुमारास राजा झाला. (चंद्रगुप्ताशी तह करणारा सेल्युकस मारला गेला तेच हे साल.) पुढे इसपू १८३ ला पहिल्या फार्नाकेस राजाने सिनोपे बंदर घेतलं इथपर्यंत ठीक, पण सहाव्या मिथ्रिदातेसपाशी (तोच केस उडवणारा) आलो की रोमशी तीन युद्धं आणि डोक्याचा भुगा. पंधरा मिनिटांत काय ठेवू, काय गाळू? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
नाण्यावरची लिपी बघून वंश ठरवायला गेलात तर फसाल. नाशिकजवळ जोगळटेंबीला शक क्षत्रप नहपानाची हजारो नाणी सापडली, त्यांच्यावरही ग्रीक अक्षरं आहेत, म्हणून नहपान काय ग्रीक होतो का? नावच बघा ना, मिथ्रिदातेस म्हणजे मिथ्राने दिलेला, आपल्या वेदातला मित्र तोच, सरळ मराठीत 'मित्रदत्त' म्हणा. वडिलांकडून सायरस-दारियस आणि आईकडून अलेक्झांडर-सेल्युकस असा दावा हा सहावा करायचा, म्हणजे दोन्ही डगरींवर हात. पण खरी मजा त्याच्या होमात आहे. रोमन सेनापती मुरेनाला हाकलल्यावर त्याने उंच डोंगरावर लाकडांचा ढीग रचला, पहिली लाकडं राजाने स्वतः वाहून आणायची, वर दूध, मध, दारू, तेल ओतायचं आणि पेटवायचं, जाळ समुद्रातल्या जहाजांना फार लांबून दिसायचा. नाव घेतलं झ्यूसचं, पण पर्शियन राजे त्यांच्या जुन्या राजधानीत, पसार्गादीला, हेच करायचे असं जुना ग्रीक इतिहासकार अप्पियन लिहितो. हे एवढं सांगितलंत तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं.

प्रतिसाद २
तिन्ही युद्धं सांगू नका हो, लोक झोपतील. इसपू ८८ वर थांबा. रोमन दूत अक्विलियसने शेजारच्या बिथिनियाच्या राजाला पाँटसवर धाड घालायला भरीस पाडलं, तो आपटला आणि मिथ्रिदातेस रोमच्या अख्ख्या आशिया प्रांतात (आजचा पश्चिम तुर्कस्तान) घुसला. तिथले लोक रोमन वसुली मक्तेदारांना आणि सावकारांना वैतागलेलेच होते. मग याने सगळ्या शहरांना गुप्त पत्रं पाठवली, ठरलेल्या एकाच दिवशी इटालियन दिसेल तो मारा, बायकापोरांसकट, सावकाराला मारलंत तर अर्धं कर्ज माफ. जुने लेखक ८० हजारांचा आकडा देतात, प्लूटार्क तर दीड लाख म्हणतो. माझं मत, राज्य तिथेच बुडालं, कारण त्यानंतर रोम याला कधीच सोडणार नव्हतं. इसपू ८५ ला रोमन सेनापती सुल्लाने तह केला तो फक्त त्याला घरची भांडणं मिटवायला पळायचं होतं म्हणून. मग लुकुल्लस आला, मग पाँपे, आणि जावई, आर्मेनियाचा राजा तिग्रानेस, यानेपण शेवटी सासऱ्याला दारात उभं केलं नाही.

प्रतिसाद ३
शेवट विसरू नका. इसपू ६३, पांतिकापायम म्हणजे आजचं केर्च, सख्खा मुलगा फार्नाकेस उलटला. म्हाताऱ्याने विष काढलं, दोन मुली आधी प्यायल्या आणि गेल्या, याला काहीच होईना, कारण जन्मभर थोडं थोडं विष खाऊन अंगवळणी पाडलेलं. शेवटी आपल्याच गॉल सरदाराला तलवार चालवायला सांगावी लागली.

मूळ धागाकर्ता
अरे बापरे, म्हणजे सुरुवातीला एका मुलाने बापाला चकवून पहिल्या मिथ्रिदातेसला वाचवलं आणि शेवटी एका मुलाने बापालाच संपवलं! बास, भाल्याच्या बुडापासून तलवारीपर्यंत हेच घेतो, मधे होम आणि इसपू ८८. सीझरचं "आलो, पाहिलं, जिंकलं" याच फार्नाकेसला हरवल्यावरचं ना?

प्रतिसाद ३
हो, झेला, इसपू ४७. त्याच झेलाला बापाने वीस वर्षं आधी रोमनांना धुतलं होतं. आणि कट्ट्यावर चेरी वाटा, रोममध्ये चेरीचं झाड लुकुल्लसने पाँटसहून नेलं असं रोमन लेखक प्लिनी लिहितो.

मूळ धागाकर्ता
चेरीचा भाव बघितलात का? जांभळं आणतो, रंग साधारण जमेल.