किंग कर्टिस: दुसऱ्यांच्या गाण्यात आठ बार, एवढंच?

तारसप्तक: "कर्टिसनं आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी सजवली, स्वतःचं काय केलं?" अमेरिकन टेनर सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसबद्दल काल या धाग्यावर आलेलं हे वाक्य डोक्यातून जाईना. ओटिस रेडिंगच्या मूळ 'रिस्पेक्ट'मध्ये सॅक्सचा तो तुकडाच नाही. आरेथा फ्रँकलिननं गायलेलं तेच गाणं (1967) सी मेजर पट्टीत, पण त्यातला कर्टिसचा आठ बारांचा (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक भाग) सोलो एफ शार्प मायनरवर, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. टेनर सॅक्ससाठी सूर वर चढवून लिहितात, म्हणून वादकाच्या बोटांना ते जी शार्प मायनर, पाच शार्प (अर्ध्या सुरानं चढे स्वर)! शेवटच्या बारात जी सेव्हन्थ ही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येते आणि गाणं घरी, म्हणजे सी वर, परततं.

खर्ज: म्हणजे आठच बार ना? त्या कॉर्डसुद्धा सॅम अँड डेव्ह या गायक जोडीच्या गाण्यातून घेतलेल्या. ग्रॅमी मिळाला तो 'गेम्स पीपल प्ले'ला, आणि तेही जो साऊथचं गाणं.

तारसप्तक: 1962 ला आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिलं आलेलं 'सोल ट्विस्ट' विसरलात? 'मेम्फिस सोल स्ट्यू'त तर तो कालवणात जिन्नस घालावेत तसं एकेक वाद्य मोजून घालतो, आणि आपला सॅक्स शेवटी.

जाड रीड: त्याच्या सॅक्सची ती घुरघुर मात्र भारी. जिभेनं 'र्रर्र' केलं की येते.

उघडी भोकं: अजिबात नाही! तो फ्लटर, म्हणजे जीभ फडफडवणं झालं. घुरघुरीसाठी फुंकता फुंकता गळ्यातून गुणगुणायचं, आणि वाजतोय त्याहून वेगळ्या सुरात. दोन्ही सूर जुळले की घासणंच थांबतं. मधल्या-वरच्या सुरांवर सोपं, अगदी खालच्या बी-फ्लॅट सुराला आवाज फुटतो. जमलं नाही की लोक रीड (तोंडात धरायची वेताची पट्टी) चावतात, मग सूर चढतो आणि आवाज चिमतो. ओठ सैल सोडा, दम पोटातून घ्या.

जाड रीड: चुकलो. पण माइक बेलमध्ये (सॅक्सच्या रुंद कर्ण्यात) खुपसणाऱ्यांनाही कुणीतरी सांगा! बेलमधून जोरात येतात ते अगदी खालचे सूर, बाकीचे उघड्या भोकांतून. हातभर लांब ठेवून दोन्ही हातांच्या मधोमध रोखा.

खर्ज: विषय कर्टिसचा आहे, माइकचा नाही.

उघडी भोकं: ज्याची हयात स्टुडिओत गेली त्याच्या धाग्यात माइक परका कसा?

खर्ज: बरं. आरेथाच्या साथीदारांची सूत्रं त्याच्याकडे होती, मार्च 1971 मधलं सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहातलं वादन थोर आहे, हे मान्य. त्याच वर्षी 13 ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये घरासमोर भोसकलं गेलं तेव्हा तो अवघा 37 चा होता. तरी आठ बारांवर मोठेपण ठरवणं मला पटत नाही.

तारसप्तक: मग ते आठ बार वगळून 'रिस्पेक्ट' वाजवा, सी वरून थेट सी वर. शेवटचं कडवं तसंच उसळतं का, ते ऐकून सांगा.