‘वेळा’, ‘खेप’ की ‘प्रसंग’?

विचारणा

अमेरिकेतल्या बेकायदा बंदुकांविषयीचा एक लेख मराठीत आणते आहे आणि दोन शब्दांवर अडले आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात, वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे. बाळगली तर २०२२पासून कमाल १५ वर्षे. पण आधी हिंसक किंवा गंभीर अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत तीनदा दोषी ठरलेला असेल, तर १९८४च्या कायद्याने तीच १५ वर्षे किमान होतात! अट एवढीच की ते तीन गुन्हे निरनिराळ्या ‘ऑकेजन्स’ना घडलेले हवेत. मी ‘तीन गुन्हे नावावर असलेला सराईत’ असं लिहिलं होतं. चालेल? आणि ‘ऑकेजन’ला मराठीत काय म्हणू?

प्रतिसाद

ताई, ‘सराईत’ काढून टाका. तो बातमीतला शब्द आहे. ‘सराईताकडून गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त, याआधी सात गुन्हे दाखल’ हे आपण रोज वाचतो. त्या सातांपैकी किती सिद्ध झाले, हे बातमी सांगत नाही. कदाचित एकही नाही. शिवाय सराईत ड्रायव्हरही असतो, सराईत स्वयंपाकीण असते. त्यात सवय आहे, निकाल नाही.

‘नावावर’ही धोक्याचंच. तुम्हाला हवी ती ‘पूर्वदोषसिद्धी’. वाचकाला जड वाटली तर ‘आधी दोषी ठरलेला’ म्हणा. आपल्याकडेही फरक इथेच पडतो. विनापरवाना शस्त्राला २०१९च्या दुरुस्तीनंतर साधारण २ ते ५ वर्षे आहेत आणि १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ३१ त्याच अधिनियमाखाली पुन्हा दोषी ठरणाऱ्याला दुप्पट शिक्षा सांगतं. नुसत्या ‘दाखल’ने काही दुप्पट होत नाही. ‘शिक्षा भोगलेला’सुद्धा नको. दोषी ठरूनही तुरुंग न पाहिलेले लोक असतात.

प्रतिसाद

‘ऑकेजन’वर तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच २०२२ साली शब्दचर्चा केली आहे. वूडन नावाच्या माणसाने १९९७मध्ये जॉर्जियात एका रात्रीत, मधल्या भिंती फोडत, सामान ठेवायचे दहा गाळे साफ केले. दोषसिद्धी दहा. बऱ्याच वर्षांनी त्याच्याकडे बंदूक सापडली, तेव्हा खालच्या न्यायालयाने ते निरनिराळे ‘ऑकेजन’ धरले. त्यामुळे जिथे २१ ते २७ महिने झाले असते, तिथे १८८ महिने झाले. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती केगन यांचं म्हणणं साधं होतं : कुणीही ‘एकदा त्याने दहा गाळे फोडले’ असंच म्हणेल, ‘दहा वेळा गाळा फोडला’ असं म्हणणार नाही. दाखला लग्नाचा दिला. विधी, जेवण, नाच मिळून एकच ऑकेजन. आपलं सीमांतपूजन, अक्षता, पंगत आणि वरात मिळून एकच लग्न, तसंच. दहा गाळे मिळून एकच धरले गेले.

म्हणून ‘वेळा’ बाद. मराठीत ‘दहा वेळा कडी वाजवली’ हे एकाच दारात, एका दमात होतं. ‘वेळा’ क्रिया मोजते.

प्रतिसाद

मग ‘खेप’ घ्या की. जाणं, काम, परतणं, सगळं आलं त्यात.

प्रतिसाद

नाही जमत. चोर एका खेपेत संध्याकाळी दादरला घर फोडेल आणि पहाटे ठाण्यात पेढी लुटेल. खेप एक असली तरी त्याला एकच ‘ऑकेजन’ कोण म्हणेल? वेळ, जागा, हेतूचा धागा हे सगळं एकत्र पाहायचं असतं. ते ‘प्रसंगा’त मावतं. (मराठीत प्रसंग ‘ओढवतो’ही; पण तो ज्याचं घर फुटलं त्याच्यावर.)

विचारणा करणारी

‘घटनामालिका’ कशी वाटते?

प्रतिसाद

नको. त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या अर्लिंगर खटल्यातल्या निकालापासून ते गुन्हे वेगवेगळ्या प्रसंगांचे होते का, हे न्यायाधीशाने नव्हे, ज्यूरीने ठरवायचं आहे. ज्यूरीत दुकानदार असतात, शिक्षिका असतात. त्यांच्या तोंडी बसेल तोच शब्द द्या.

विचारणा करणारी

ठरलं तर : ‘तीन वेगवेगळ्या प्रसंगी केलेल्या गुन्ह्यांत दोषी ठरलेला’. लांबलंय, पण असू दे.

प्रतिसाद

‘तीन वेगवेगळ्या’ हे शब्द मात्र संपादकांना छाटू देऊ नका. नुसतं ‘प्रसंगी केलेले गुन्हे’ उरलं, तर वेळ पडली म्हणून केलेले असा अर्थ होईल.