एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शी): शून्य भारालाही घर्षण दिसतंय, गुणांक काढायचा कसा?

सूक्ष्मदर्शी
सिलिकॉन वेफर, वर नैसर्गिक ऑक्साइड. सिलिकॉनचीच टिप (बारीक सुई), कॉन्टॅक्ट मोड (टिप पृष्ठभागाला टेकलेली), कँटिलिव्हरचा (टिप धरणाऱ्या लवचिक पट्टीचा) कडकपणा ०.२ न्यूटन प्रति मीटर. भार ५ ते ४० नॅनोन्यूटन. लॅटरल सिग्नल (कँटिलिव्हरच्या पिळाचा, व्होल्टमध्ये) भाराबरोबर वाढतो, पण आलेखाची रेषा शून्यातून जात नाही. दमट हवेत ती आणखी वर सरकते. उताराला गुणांक म्हणावं का? आणि व्होल्टचे न्यूटन कसे करायचे?

पीळ
स्कॅनचा कोन ९० अंश आहे ना? टिप कँटिलिव्हरच्या लांबीला काटकोनात सरकली तरच त्याला पीळ बसतो. जातानाचा आणि येतानाचा, दोन्ही सिग्नल साठवा. वजाबाकी करून दोनने भागा, म्हणजे डिटेक्टरचा ऑफसेट जातो. त्याआधी लॅटरल प्रतिमेला 'फ्लॅटन' चुकूनही लावू नका. ते प्रत्येक ओळीची सरासरी शून्यावर आणतं, आणि तुमचं घर्षण त्या सरासरीतच असतं.

ऑक्साइड
शून्य भाराचं घर्षण खरंच आहे, ती चूक नव्हे. दमट हवेत टिपेभोवती पाण्याचा मेनिस्कस (टिप आणि पृष्ठभाग जोडणारा बारीक पूल) तयार होतो आणि तो टिप खाली ओढतो. फोर्स कर्व्हवरून (टिप टेकवून मागे घेतानाच्या बलाचा आलेख) पुल-ऑफ बल, म्हणजे टिप सुटायला लागणारं बल, काढा. ते १५ नॅनोन्यूटन असेल तर ५ च्या सेटपॉइंटला (तुम्ही ठरवलेल्या भाराला) पृष्ठभागावर जवळपास २० आहेत. कोरड्या नायट्रोजनमध्ये हा आकडा घटायला हवा.

गुणांकाचा हट्ट मात्र सोडा. खडबडीत पृष्ठभागांत भार वाढला की संपर्कबिंदू वाढतात, म्हणून तिथे घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं. इथे टोक एकच. त्याचं संपर्कक्षेत्र साधारण एकूण भाराच्या २/३ घाताने वाढतं, म्हणून आलेख वाकतो. मग ४० पर्यंतच्या मोजणीत सरळ रेषा बसवून आलेला उतार १०० ला लागू पडत नाही. पूर्ण वक्रच द्या.

भार चढवताना मोजलंत तसं उतरवतानाही मोजा. दोन वक्र जुळले नाहीत, किंवा शेवटी पुल-ऑफ वाढलेलं दिसलं, तर टिप बोथट झाली असं समजा. ती मालिका बाद.

पीळ
व्होल्टचं राहिलं. वेज पद्धत, म्हणजे माहीत असलेल्या उतारावर टिप फिरवून कॅलिब्रेशन, वापरा (ओगलट्री, कार्पिक, साल्मेरॉन, १९९६). ५४ अंश ४४ मिनिटे उताराची सिलिकॉन ग्रेटिंग (समांतर कड्यांचा नमुना) विकत मिळते. चढ-उतारावर लूपची (जाता-येतानाच्या सिग्नलांनी बनलेल्या आकृतीची) अर्धी रुंदी आणि लूप किती सरकला, हे दोन्ही नोंदवा. सूत्रात आसंजनही (टिप चिकटण्याचं बल) लागतं. कँटिलिव्हरचा उभा कडकपणा आधी साडर पद्धतीने (त्याच्या मापांवरून आणि कंपनांवरून) काढा, पाकिटावरचा आकडा धरू नका. त्यानंतर लेझरचा ठिपका हलवलात तर कॅलिब्रेशन पुन्हा.