आईच्या खोलीत कॅमेरा लावायचा का?

निशा_ठाणे: आई ७८ वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते. दिवाळीनंतर न्हाणीघराच्या दारात पडली, दीड तास तशीच पडून होती. आता भाऊ म्हणतो तिच्या झोपायच्या खोलीत वायफाय कॅमेरा लावू, मोबाईलवर दिसेल. मला अजिबात पटत नाहीये. ती तिथेच साडी बदलते, गुडघ्याला तेल लावते आणि ते सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर जाणार? राजकोटच्या प्रसूती हॉस्पिटलचं आठवतंय ना, फेब्रुवारी २०२५ चं? तपासणीच्या खोलीतलं बायकांचं फुटेज चोरून टेलिग्रामवर विकलं.

सह्याद्री_७२: ताई, काळजी कळते पण राजकोटला पासवर्डच 'अॅडमिन१२३' होता अशा बातम्या होत्या. कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, लॉगिनला ओटीपी लावायचा, रेकॉर्डिंग क्लाउडवर न टाकता मेमरी कार्डवर ठेवायचं, एवढं केलं की बराच धोका कमी होतो. माझे वडील रात्री २ वाजता पडले, कॅमेऱ्यात दिसले म्हणून शेजारी कुलूप तोडून आत गेले. जीव वाचला. त्यापुढे लाज किती धरायची?

निशा_ठाणे: दादा, वडील वाचले हे फार बरं झालं. पण पासवर्ड बाहेरच्या चोराला अडवतो, आतल्या माणसाचं काय? अॅमेझॉनच्या रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीवर अमेरिकेत २०२३ मध्ये केस झाली, कर्मचारी गिऱ्हाइकांच्या बेडरूममधले व्हिडिओ बघायचे असा सरकारी आरोप होता, ५८ लाख डॉलर भरून मिटवलं. आणि मुळात आईला कोणी विचारलंच नाही!

कट्टेकरी: मग स्मार्ट घड्याळ द्या की. पडलं की ओळखतं, फोन लावतं, चित्र नाही काही नाही.

सह्याद्री_७२: रोज चार्जिंग करणार कोण? अंघोळीला काढून ठेवतात, तिथेच घसरतात. आणि घड्याळाचा डेटाही बाहेर जातोच, २०१८ मध्ये स्ट्राव्हा या पळणं-चालणं नोंदवणाऱ्या अॅपच्या नकाशावर सैनिकांच्या पळण्याच्या वाटांवरून लष्करी तळ दिसले होते.

निशा_ठाणे: काल आईला विचारलं. म्हणाली हॉलमध्ये लाव, इथं नको, मला झोप यायची नाही.

सह्याद्री_७२: पण आई हॉलमध्ये पडल्या नव्हत्या ना ताई.

निशा_ठाणे: हो, म्हणूनच न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय आणि खाली, पडल्यावरही हात पोचेल असं, वायरलेस बेलचं बटण लावलंय, बेल वाजते शेजारच्या काकूंकडे. भाऊ अजून ऐकत नाहीये, रविवारी परत बोलणार आहे त्याच्याशी.