ब्रॉडबँडचा लँडलाइन क्रमांक आयपी फोनवर : आपले अनुभव लिहा

ब्रॉडबँडबरोबर मिळणारा लँडलाइन क्रमांक बहुतेक घरांत राउटरच्या मागच्या जॅकला साधा फोन जोडून वापरला जातो, किंवा तसाच पडून राहतो. तोच क्रमांक आयपी फोनवर, म्हणजे नेटवर्क केबलवर चालणाऱ्या हँडसेटवर, ज्यांनी घेतला आहे त्यांनी आपले अनुभव इथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे.

सुरुवात मी करतो. हँडसेटला सर्व्हरचा पत्ता, वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड या तीन गोष्टी द्याव्या लागतात, आणि खरी अडचण इथेच आहे, कारण अनेक कंपन्या हा तपशील ग्राहकाला न देता दुरूनच थेट राउटरमध्ये भरतात. माझ्या कंपनीनेही तो दिला नाही. परंतु फ्रिट्झबॉक्ससारखे काही राउटर स्वतःच छोट्या टेलिफोन एक्स्चेंजचे काम करतात, त्यामुळे मी हँडसेट कंपनीकडे न नोंदवता घरातल्या राउटरकडेच एक्स्टेन्शन म्हणून नोंदवला आणि तो व्यवस्थित चालतो आहे. म्हणून हँडसेट विकत घेण्याआधी या दोनपैकी कोणता मार्ग आपल्याला उपलब्ध आहे, याची खात्री करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

*

आमच्याकडे कंपनीने पासवर्ड दिला होता आणि फोन पहिल्याच प्रयत्नात नोंदला गेला, पण माझे बोलणे पलीकडे ऐकू जाई आणि पलीकडचे मला मुळीच ऐकू येत नसे. शिवाय येणारे काही कॉल उचलल्यावर सुमारे 32 सेकंदांनी आपोआप तुटत. कॉल जोडणाऱ्या सिप या पद्धतीत आवाज कोणत्या पत्त्यावर पाठवायचा हे संदेशाच्या आतच लिहिलेले असते, आणि राउटरमधली ‘सिप एएलजी’ ही सोय मदतीच्या हेतूने तो मजकूर बदलते व बरेचदा बिघडवते. कॉल उचलल्याची पोचही अशाने वाटेत हरवते, आणि ती ठरावीक वेळेत न मिळाल्यास फोन स्वतःहून कॉल बंद करतो. ती सोय बंद करून राउटर पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही तक्रारी एकदमच मिटल्या. एकतर्फी आवाजाचा त्रास असणाऱ्यांनी हँडसेट बदलण्याआधी हे अवश्य करून पाहावे.

*

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या घरी मात्र प्रश्न विजेचा होता. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडूनच सुमारे 48 व्होल्टचा पुरवठा होत असे, त्यामुळे घरात अंधार झाला तरी फोन चालू राही. फायबरवर तसे होत नाही. फायबरची पेटी, राउटर आणि हँडसेट यांपैकी एक जरी बंद पडले तरी क्रमांक बंद होतो. घरात वयस्कर माणसे असल्यामुळे मी ही तिन्ही उपकरणे एकाच यूपीएसवर घेतली. हँडसेटला वीज नेटवर्क केबलमधूनच मिळत असल्याने त्याचा वेगळा अडॅप्टर लागला नाही, फक्त तशी वीज देणारा स्विच घ्यावा लागला.

*

आवाजाविषयी लिहिते. जी.711 या नेहमीच्या कोडेकला (आवाजाचे डिजिटल माहितीत रूपांतर करणाऱ्या पद्धतीला) बाकीच्या भारासह प्रत्येक दिशेला सेकंदाला शंभरपेक्षा कमी किलोबिट लागतात, म्हणजे ब्रॉडबँडच्या मानाने अगदीच थोडे. तरीही संगणकावरून मोठ्या फाइली वर चढत असताना आवाज तुटत असे. राउटरमध्ये फोनच्या वाहतुकीला अग्रक्रम दिल्यापासून तसे झालेले नाही. माझ्या वडिलांना कमी ऐकू येते, आणि ज्या कॉलवर दोन्हीकडे जी.722 हा अधिक स्पष्ट आवाजाचा कोडेक चालतो, तिथे त्यांना ‘स’ आणि ‘फ’ वेगळे कळतात, कारण साध्या फोनमध्ये आवाज 3400 हर्ट्‌झच्या आसपास कापला जातो, तर यात तो 7000 हर्ट्‌झपर्यंत पोहोचतो. केवळ एवढ्यासाठीसुद्धा हा खटाटोप सार्थकी लागला, असे मी मनापासून म्हणेन.

*

बँकेच्या स्वयंचलित सेवेत दाबलेले आकडे पोहोचत नसतील, तर हँडसेटमधील डीटीएमएफची, म्हणजे दाबलेल्या बटणांचे सूर पाठवण्याची, पद्धत ‘आरएफसी 2833’ वर ठेवून पाहावी. माझे काम तेवढ्यानेच झाले.

*

सुरक्षेचा मुद्दा अजून कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. हँडसेट बाहेरूनही वापरता यावा म्हणून काही जण राउटरमध्ये 5060 हा पोर्ट, म्हणजे सिप संदेशांसाठीचे क्रमांकित प्रवेशद्वार, इंटरनेटला उघडण्याचा सल्ला देतात. तो कृपया मानू नये. आमच्या एका नातेवाइकांकडे तसे केल्यावर मध्यरात्री 100 किंवा 1001 अशा विचित्र क्रमांकांवरून फोन वाजू लागला आणि उचलला तर पलीकडे कोणीच नसे. हे कॉल टेलिफोन कंपनीकडून येत नाहीत; उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम थेट हँडसेटलाच संदेश पाठवत असतात. पोर्ट बंद केला आणि नोंदणी असलेल्या सर्व्हरकडूनच कॉल स्वीकारण्याचा पर्याय हँडसेटमध्ये चालू केला, तेव्हा ते थांबले. बाहेरगावाहून घरचा क्रमांक हवाच असेल, तर आधी व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी जोडणीने, घरच्या राउटरशी जोडून घ्यावे आणि मग मोबाइलमधील सिप ॲप त्या राउटरकडे नोंदवावे.