ग्लास ब्लॉकच्या शॉवर भिंतीतून ओल: खालचा थर उतरवावाच लागेल का?

मदत हवी आहे. शॉवरची आडभिंत घरीच बांधलेली: १९० × १९० × ८० मिमी ब्लॉक, १० मिमी सांधे, पांढऱ्या सिमेंटचा माल, एकाआड एक थरात ६ मिमी स्टेनलेस सळई, तिची टोकं विटांच्या भिंतीत. भिंतीलगत प्रसरणासाठी फट नाही, माल थेट भिडलाय. तिथेच केसाएवढी उभी चीर पडली आहे, आणि कट्ट्यावरच्या पहिल्या आडव्या सांध्यातून बाहेर ओल येते. ब्लॉक एकही तडकलेला नाही.

पाणी जायची जाळी बंद करून, कट्ट्याच्या उंचीच्या खालपर्यंत २४ तास पाणी साठवलं. पातळी उतरली नाही, म्हणजे जमीन ठीक. सांध्यांवर फवारा मारला की ओल दिसते. चिरेवर वरवर भरलेलं ग्राउट (सांधे भरायचा लगदा) निघून आलं (एवढा पातळ थर टिकणार तरी कसा!). सिलिकॉनही सुटलं, ते पूर्ण खरवडलंय.

आता उभा सांधा १५ मिमी खोल कापून फोमची दोरी आणि न्यूट्रल (आम्ल न सोडणारं) सिलिकॉन, आडव्यात इपॉक्सी ग्राउट, असा विचार आहे. बाथरूम एकच, त्यामुळे दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येणार नाही.

सळया तशाच भिंतीत अडकलेल्या असताना नुसता वरचा १५ मिमी कापून ताण सुटेल, की चीर शेजारच्या सांध्यात सरकेल?